रेकॉर्डसाहेबांची कोरडी होडी

मामांची होडी ओली आहे हे पाहून रेकॉर्डसाहेबांना फार वाईट वाटलं.

होडी ओलीच असायची, असं कोणीही म्हणेल. धक्क्याच्या पायरीवर उभी राहून त्यांची बायकोही नेमकं हेच म्हणाली. पण रेकॉर्डसाहेबांची सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या तळघरात, जुन्या कागदपत्रांची राखण करण्यात गेलेली. म्हणून तर निवृत्तीनंतरही गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. त्या तळघरात वाळवीशी, उंदरांशी, वरिष्ठांशी त्यांनी वेळोवेळी तह केले होते. ओलीशी मात्र कधीच नाही. भिंतीवर तळहाताएवढा हिरवट डाग दिसला तरी त्यांचं जेवणावरचं लक्ष उडायचं. जगात जे टिकतं ते कोरडं राहिल्यामुळे टिकतं आणि जे जातं ते ओलीनं जातं, यावर त्यांची श्रद्धा होती. आणि इथे तर सख्ख्या मामांची एवढी सुंदर लाकडी होडी वर्षानुवर्षं पाण्यात उभी!

"किती हाल केलेत बिचारीचे," ते म्हणाले.

"अहो, होडी आहे ती. म्हैस नव्हे, भिजली तर सर्दी व्हायला," बायको म्हणाली.

"लाकूड आहे ते. आणि लाकूड म्हणजे शेवटी कागदच. थोडा जाड."

मामा मागे फारसं काही ठेवून गेले नव्हते. दोन वल्ह्यांची ही होडी, तिचा नांगर, दोर, कंदील आणि बुडणाऱ्याला फेकायचं ते गोल कडं. हे सगळं रेकॉर्डसाहेब आणि त्यांची मोठी बहीण आक्का, दोघांना मिळून. आक्का दूरच्या गावी राहायची. होडी पडून आहे हे कळताच रेकॉर्डसाहेबांच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी ती मागितली. त्यांना ती बागेत ठेवायची होती. आत माती भरून गुलाब लावायचे, म्हणजे दवाखान्याच्या खिडकीतून पेशंटला जरा बरं दिसेल, असा त्यांचा विचार. त्यांनी परस्पर आक्कालाही फोन केला. रेकॉर्डसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी सरकारी फाइलच्या पानांत भेळ बांधून देतोय.

आक्काचा फोन आला तेव्हा तिने सगळा निकाल एका दमात सांगितला.

"हे बघ बाळ्या, मला होडी पडून राहिलेली बघवणार नाही. त्यापेक्षा गुलाब बरे. पण तुला ती ठेवायची असेल तर माझी एकच अट. मी सुट्टीत येणार आहे. मला मामाच्या होडीतून बंदराच्या तोंडावरच्या दिव्यापर्यंत ने आणि परत आण. नेलंस तर होडी तुझी. नाही नेलंस तर डॉक्टरांची. आणि मध्येच उतरवून रिक्षात बसवलंस, तरी डॉक्टरांची."

रेकॉर्डसाहेबांनी वल्हं लहानपणी हातात धरलं होतं, तेही मामांच्या हातावर हात ठेवून. पण माघार घेण्यात अर्थ नव्हता. आधी होडी नीट करायची. आणि नीट करायची म्हणजे, अर्थातच, कोरडी करायची.

होडी पाण्यातून काढून हातगाडीवर चढवली तेव्हा सगळी गल्ली सल्ला द्यायला जमली. घराच्या फाटकातून ती जाईना. कोणी म्हणालं आडवी करा, कोणी म्हणालं उभी करा. जिल्हा पातळीवर कॅरम खेळलेले एक गृहस्थ म्हणाले की हा सगळा कोनांचा प्रश्न आहे, आणि कोन दाखवताना त्यांनी दुधाची किटली सांडली. शेवटी फाटकच काढावं लागलं. होडी अंगणात आली. पण पहाटे रेकॉर्डसाहेब उठून पाहतात तो तिच्यावर दव! त्यांना भडभडून आलं. फाटकापाठोपाठ पुढच्या दाराची चौकट निघाली आणि होडी बैठकीच्या खोलीत आली.

मग सुरू झाली ती सेवा. एवढी सेवा त्या होडीची आयुष्यात कोणी केली नसेल. खिडक्या बंद. टेबलफॅन रात्रंदिवस तिच्याकडे तोंड करून. तळाशी डांबराच्या गोळ्या, कोपऱ्यांत तांदळाच्या पुरचुंड्या, कारण तांदूळ ओल शोषून घेतात. नांगर पितळेच्या भांड्यांच्या पावडरीने घासला गेला. तो लोखंडाचा होता, त्यामुळे चमकला नाही. नुसताच गोंधळल्यासारखा दिसू लागला. दोर साबणाने धुऊन, वाळवून, त्यांची वेटोळी खाकी कागदात बांधून ठेवली गेली. प्रत्येक पुडक्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. गोल कड्यालाही कागद आणि चिठ्ठी: 'हाताळू नये.'

"बुडणाऱ्याने आधी हे वाचायचं का?" बायकोने विचारलं.

"व्यवस्थित माणूस वाचेल," रेकॉर्डसाहेब म्हणाले.

घरात येणाऱ्यांना बसायला जागा उरली नाही, म्हणून ते होडीत बसू लागले. होडीच्या दोन फळ्यांवर समोरासमोर बसून चहा पिताना माणसं उगाच मनमोकळी होत. ज्यांचं एकमेकांशी वर्षभर पटत नव्हतं अशा दोन भाडेकरूंचं भांडण तिथेच मिटलं. बायकोने पहिल्यांदा त्रागा केला, मग घडी घालायचे कपडे होडीत टाकायला सुरुवात केली आणि पुढे पुढे तर दुपारची वामकुक्षीही तीत घेऊ लागली. "या घरात पाय पसरून झोपता येईल अशी ही पहिलीच वस्तू," असं ती शेजारणीला सांगायची.

दातांचे डॉक्टर अधूनमधून यायचे. खिशात मोजपट्टी असायची.

"काळजी छान घेताय हो," ते लांबी मोजत म्हणायचे. "नंतर मला जड जाणार नाही."

आणि मग एके दिवशी होडीच्या फळ्यांमध्ये फटी दिसू लागल्या.

आधी केसाएवढ्या. मग पेन्सिलीची रेघ जाईल एवढ्या. रेकॉर्डसाहेबांनी फॅन आणखी जवळ आणला. फटी आणखी रुंदावल्या. "इतकी वर्षं आत दडलेली ओल बाहेर पडतेय," असं त्यांनी निदान केलं आणि ते उपायाला लागले. फाटलेलं पान कसं सांधायचं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! पिठाची पातळ खळ शिजवायची, तिच्यात जुन्या कागदाचा लगदा मळायचा, फटीत बोटाने भरायचा, वर कागदाची पट्टी चिकटवायची, सुकू द्यायची. या रीतीने सांधलेल्या नोंदवह्या त्यांच्या तळघरात अजून धडधाकट उभ्या आहेत. ही रीत आजवर कधी फसली नाही, असं ते वरचेवर सांगत. हे खरंच होतं. फक्त त्या नोंदवह्यांत बसून आजवर कोणी समुद्रावर गेलेलं नव्हतं.

"अहो, पण खळ पाण्यात..." बायको एकदा म्हणाली.

"वर रंग लागणार आहे," रेकॉर्डसाहेब म्हणाले. त्यांना स्वयंपाकघरातून आलेला तांत्रिक सल्ला आवडत नसे. तिच्याच पातेल्यात खळ शिजत होती, ही गोष्ट वेगळी.

रंगाचे तीन हात झाले. होडी अशी दिसू लागली की आता हिला पाण्यात घालणं म्हणजे पाप. पण आक्काची सुट्टी जवळ येत होती. रेकॉर्डसाहेब बंदर कचेरीत गेले.

तिथल्या क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. "होडी बाहेर काढली होती ना? आता पाण्यात घालायची तर ती तरंगते असा दाखला लागेल."

"कोण देतं दाखला?"

"आम्हीच."

"मग द्या."

"आधी तरंगताना बघावी लागेल."

"मग पाण्यात घालतो."

"दाखल्याशिवाय? कशी घालणार?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. रेकॉर्डसाहेबांना मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. दोघांनी कितीतरी वेळ हा पेच दोन्ही अंगांनी न्याहाळला, चहा मागवला, आपापल्या नोकरीतले याहून सुंदर पेच एकमेकांना ऐकवले. अखेर तोडगा निघाला. उतारावर होडी अशी ठेवायची की पुढचा अर्धा भाग पाण्यात आणि मागचा जमिनीवर. म्हणजे होडी पाण्यात घातली असंही नाही आणि पाहिली नाही असंही नाही. तसं करण्यात आलं. पुढच्या अर्ध्या भागात क्लार्क वाकून पाहत असेपर्यंत थेंब आला नाही. रंग ताजा होता आणि क्लार्कला घाई होती. "पुढचा बरा असला की मागचाही बराच असतो," असं म्हणून त्याने शिक्का मारला.

होडी पूर्ण पाण्यात उतरली तो दिवस स्वच्छ आणि शांत होता. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. आक्का यायच्या आधी एकदा सराव करावा, असा रेकॉर्डसाहेबांचा बेत. अर्थात सराव कोणी पाहू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ती अख्ख्या गल्लीला आधीच समजली होती. डॉक्टरही दवाखाना बंद ठेवून आले होते.

रेकॉर्डसाहेब इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि छत्री घेऊन होडीत बसले. एक दोर पायरीच्या कड्याला बांधलेला होता. त्यांनी काठावरच्या लोकांकडे पाहून मान किंचित लववली. आणि त्याच वेळी त्यांच्या डाव्या मोज्याला काहीतरी गार लागलं.

त्यांनी खाली पाहिलं नाही. तळघरात साहेब पाहणीला आले की मागच्या भिंतीवरच्या डागाकडे आपण पाहायचं नाही, म्हणजे तेही पाहत नाहीत, हा त्यांचा जुना अनुभव. ते क्षितिजाकडे पाहत राहिले. उजवा मोजाही गार झाला. मग कागदाची एक लांब पट्टी त्यांच्या गुडघ्यांमधून तरंगत गेली. मागोमाग दुसरी. पाणी दुधट झालं.

"अहो," बायको पायरीवरून शांतपणे म्हणाली, "तुम्ही बुटके होताय."

"सराव चालू आहे," रेकॉर्डसाहेब म्हणाले.

पायऱ्यांपाशी पाणी फार खोल नव्हतं, म्हणून पुढचं सगळं फार सावकाश झालं. होडी सरळ, कुठेही न कलंडता, लिफ्टसारखी खाली गेली. रेकॉर्डसाहेब उठून उभे राहिले. होडी तळाला टेकली तेव्हा पाणी त्यांच्या कमरेपर्यंत होतं आणि छत्री कोरडी होती. गोल कडं त्यांच्या भोवती खाकी कागदासकट तरंगत होतं, पण ते वापरण्याइतकी गरज नव्हती आणि न वापरण्याइतकी अब्रूही उरली नव्हती. काठावर कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "एका अर्थी सोयीचंच झालं," ते म्हणाले. "तळाला भोकं हवीतच. गुलाबाच्या मुळांशी पाणी साचून चालत नाही."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डसाहेब पुन्हा बंदर कचेरीत गेले. क्लार्कला मनापासून वाईट वाटलं, पण त्याचा इलाज नव्हता. "बुडालेल्या होडीला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ते काम दुसऱ्या टेबलाचं. आणि ते टेबल रजेवर आहे."

"पण ती पायरीला बांधलेली आहे! ओहोटीला तिची कड वर दिसते! मी तांब्याने पाणी उपसून काढीन!"

"तांब्यालाही परवानगी लागेल," क्लार्क म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत सहानुभूती होती.

तशी होडी राहिली पाण्याखाली. गल्लीतली माणसं भेटायला येऊ लागली. यायची, रिकाम्या खोलीत बसायची, "फार वाईट झालं," म्हणायची. कोणी म्हणायचं, "त्रास नाही ना झाला तिला? शांतपणे गेली ना?" कॅरमवाले गृहस्थ म्हणाले, कोन चुकला. त्यात भर म्हणजे खळीच्या वासाने होडीभोवती मासे जमले आणि त्या पायरीवर गळ टाकून बसणाऱ्यांची रीघ लागली. "रेकॉर्डसाहेबांच्या होडीत" चांगले मासे मिळतात, ही बातमी त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांनी आनंदाची म्हणून सांगितली.

ते घरात बसून राहिले. टेबलफॅन रिकाम्या जागेकडे तोंड करून बंद उभा होता. बायकोने दोनदा बोलून पाहिलं. मग तिने टोमणे मारणं बंद केलं, तेव्हा रेकॉर्डसाहेबांना कळलं की परिस्थिती गंभीर आहे.

"आक्काला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "म्हणावं, डॉक्टरांना देऊन टाक."

"सांगा."

ते उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मामा मला पुढे बसवायचे. 'तू दिव्याकडे बघ,' म्हणायचे, 'मी पाण्याकडे बघतो.' त्या होडीत माती भरायची?"

बायको उठली. तिने आतून मोठी पातेली आणून दारापाशी मांडून ठेवली. परवानगी आली की लागतील म्हणून.

दुसरं टेबल रजेवरून परतलं ते आक्का येण्याच्या आदल्या दिवशी. ओहोटी साधून नवराबायको दोघंही पाण्यात उतरली आणि पातेल्यांनी पाणी उपसू लागली. गळ टाकून बसलेल्यांपैकी काही जण कुरकुरले. होडी हळूहळू हलकी झाली, डुलली, वर आली. रंग बराचसा टिकला होता, कागद मात्र नावालाही उरला नव्हता. दोघं पायरीवर बसून तिच्यात पाणी भरायची वाट पाहू लागली.

भरती आली. पाणी भरलं नाही.

रेकॉर्डसाहेबांनी खिशातून टिपकागद काढला आणि होडीत उतरून एकेका फटीवर दाबला. फटीच सापडेनात. फळ्या एकमेकींना अशा खेटून बसल्या होत्या, जणू सुतार आत्ताच उठून गेलाय. टिपकागद जेमतेम दमट झाला.

"कळलं!" ते म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "खळ मुरली! चांगली खळ मुरायला वेळ घेते. मी घाई केली, एवढंच."

बायकोने फळ्यांकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं. "असेल," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिला वाद घालायचा नव्हता.

आक्का आली. वाकलेली, काठी टेकणारी, पण होडी दिसताच काठी भावजयीच्या हातात देऊन पायऱ्या उतरली आणि मागच्या फळीवर पदर खोचून बसली. बायको तिच्या शेजारी. धक्क्यावर डॉक्टर उभे होते, सोबत दोन माळी आणि लांब हातगाडी. शिष्टाचार म्हणून त्यांनी हात हलवला.

रेकॉर्डसाहेबांनी वल्ही मारली. होडी आधी स्वतःभोवती फिरली, मग डॉक्टरांच्या दिशेने निघाली, मग आक्काने, "उजवं, बाळ्या, उजवं! जेवतोस तो हात!" असं ओरडून तिला मार्गावर आणलं. बंदर मागे पडलं. पाणी शांत होतं. आक्काने हात पाण्यात सोडला. दिव्याचा पांढरा खांब जवळ आला. रेकॉर्डसाहेबांनी त्याला वळसा घातला. वळसा जरा मोठाच झाला, आणि होडीचं तोंड घराकडे वळलं.

तेव्हा आक्काने वाकून तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला.

"किती दिवस बुडवून ठेवली होतीस रे?"

रेकॉर्डसाहेबांचं वल्हं हवेतच राहिलं. कोणी सांगितलं? डॉक्टरांनीच. दुसरं कोण! त्यांचे कान लाल झाले.

"मामा असंच करायचा," आक्का म्हणाली. "होडी बाहेर काढून वाळली, की पाण्यात घालण्याआधी मुद्दाम बुडवून ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. नाहीतर चाळणी होते तिची. मी सारखी मनात म्हणत होते, बाळ्याला हे कोण सांगणार? तो बसेल तिला पंख्याखाली वाळवत. फोनवर सांगणारही होते. म्हटलं नको, बघू या तरी याला किती आस्था आहे."

रेकॉर्डसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या हाती एवढी मोठी संधी कधी आली नव्हती. खळ, कागदाच्या पट्ट्या, तांदळाच्या पुरचुंड्या, छत्री, सगळं तिच्या ओठांवर येऊन थांबलेलं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"स्वतः उतरून बुडवली त्यांनी, आक्का," बायको म्हणाली. "मी पायरीवर उभी होते ना. जराही कलंडू दिली नाही."

"शहाणा आहेस," आक्का म्हणाली. "राहू दे होडी तुझ्याकडे. त्या दातवाल्याला सांग, कुंड्या आण म्हणावं."

रेकॉर्डसाहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगायला तोंड उघडलं. पण खाली, आक्काला दिसणार नाही असा, बायकोचा पाय त्यांच्या पायावर येऊन घट्ट बसला. त्यांनी तोंड मिटलं आणि वल्ही पाण्यात घातली.